असोद्याकडे दोन पावलं

संघपाल बिऱ्हाडे यांना मोटारसायकल चालवता येत नाही, हे जळगावच्या बसस्थानकावर सगळ्यांना माहीत आहे. ते तिथे वाहतूक नियंत्रक आहेत. त्यांच्या आठ तासांच्या पाळीत साठ-सत्तर गाड्या सुटतात. कुठली कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा आहे, हे ते कागद न बघता सांगतात. पाळी संपली की पिशवी खांद्याला लावून अडीच किलोमीटर चालत घरी जातात. छगन नावाचा एक जुना चालक रोज न चुकता म्हणतो, "साहेब, गाड्या बठ्ठ्या, एकूणएक आमच्या हाती, तुमच्या हाती शिट्टी." बिऱ्हाडे म्हणतात, "म्हणून तर वेळेवर सुटतात."

त्यांचं वय एकोणचाळीस. बुटाची नाडी बांधायला ते चौदाव्या वर्षी शिकले. एरंडोलजवळच्या गावातल्या शाळेत लेझीम शिकवताना सर समोर उभे राहून म्हणायचे, "बघा आणि करा." संघपाल बघायचा. सरांचा हात कुठे गेला, गुडघा किती वाकला, हे त्याला नीट दिसायचं. ते आपल्या अंगात कसं आणायचं, हे कळायचं नाही. सरांचा एक हात वर गेला की आपला कोणता न्यायचा, हे ठरेपर्यंत पुढचे चार ठेके निघून जायचे. शेवटी सरांनी त्याच्या हातात शाळेचा फलक दिला. तेव्हापासून नाचाच्या प्रत्येक ठिकाणी त्यांना धरायला काहीतरी मिळत आलं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांच्या भोवती जो दोर धरतात, तो त्यांनी बावीस वर्षं धरला आहे.

गाडी चालवण्याच्या चाचणीत ते चौथ्यांदा नापास झाले, तेव्हा त्यांची बायको मृणाली, जी स्वतः परिचारिका आहे, त्यांना एका व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, तज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. दोन तास तपासणी झाली. ही जन्मापासूनची अडचण आहे, बाई म्हणाल्या. हात-पाय धड आहेत, बुद्धी चांगली आहे, पण बघितलेली हालचाल स्वतःच्या शरीरात उतरवण्याचा मेंदूचा रस्ता कच्चा आहे. डावं-उजवं पटकन न कळणं त्यातलंच.

"बरं होईल का?" मृणालीने विचारलं.

"बरं होत नाही. दुसऱ्या रस्त्याने शिकता येतं. कुठला रस्ता, ते ज्याचं त्याने शोधायचं."

ही गोष्ट २०२१ ची. बिऱ्हाडे यांना तो रस्ता २०२४ च्या जूनमध्ये सापडला.

त्या महिन्यात एका संध्याकाळी असोद्याच्या गाडीचा फलाट बदलला होता. नूतन नारखेडे नावाची एक तरुणी नियंत्रण कक्षाच्या खिडकीशी आली. तिला दिसत नाही. केळीच्या रोपांच्या एका रोपवाटिकेत ती फोनवर शेतकऱ्यांच्या मागण्या नोंदवते आणि रोज संध्याकाळी असोद्याला घरी जाते. बिऱ्हाडे खिडकीतून म्हणाले, "ताई, तुमचं तोंड आत्ता भुसावळकडे आहे. तसंच चार पावलं पुढे. मग असोद्याकडे वळा, अकरा पावलं. लोखंडी कठडा लागेल."

दुसऱ्या दिवशी ती परत खिडकीशी आली. "काल कठडा अकराव्या पावलालाच लागला. कोण तुम्ही?"

"बिऱ्हाडे. नियंत्रक."

"बाकीचे नुसतं 'तिकडं' म्हणतात. बहुतेक बोट दाखवत असतील."

बिऱ्हाडे यांची ही सवय जुनी होती. डाव्या-उजव्याचा त्यांना भरवसा नाही, पण गावं कुठे आहेत याचा आहे. जळगावात कुठेही उभं केलं तरी धुळे पश्चिमेला, भुसावळ पूर्वेला, असोदा उत्तरेला, अजिंठा दक्षिणेला. घरातही ते मृणालीला "डबा धुळ्याकडच्या फळीवर आहे" असंच सांगतात.

पंधरा दिवसांनी नूतनने सरळ विचारलं, माझ्याबरोबर नाचाल का? रत्ना वाणी नावाच्या निवृत्त शिक्षिका दर रविवारी सकाळी आठ ते दहा एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये दृष्टिहीनांना जोडीचं नृत्य शिकवतात. तीन मात्रांच्या ठेक्यावर, एकमेकांचा हात आणि खांदा धरून करायचं वॉल्ट्झ. जोडीत एक जण डोळस लागतो. येत्या जानेवारीत धुळ्याला विभागीय स्पर्धा होती. गेल्या वर्षी, दुसऱ्या गावी झालेल्या स्पर्धेत, नूतनचा जोडीदार, तिचा मावसभाऊ, एका मिनिटानंतर पाऊल चुकून थांबला होता. नियम एकच कडक होता: संगीत चालू असताना जोडी थांबली की बाद. नंतर तो भाऊ नोकरीला पुण्याला गेला.

"मला यंदा पूर्ण करायचंय," ती म्हणाली. "नंबर नाही आला तरी चालेल. मधेच थांबून खाली उतरायचं नाही."

"मला नाचता येत नाही, ताई. शाळेत सर 'बघा आणि करा' म्हणायचे, तेच कधी जमलं नाही."

"मला दिसत नाही. तुम्ही वाईट नाचलात तर मला कसं कळणार?"

"पायावर पाय पडला की कळेल."

"बूट घालून येईन. आणि एक सांगू? तिथं कोणी 'बघा आणि करा' म्हणत नाही. बघणार कोण?"

हे वाक्य घेऊन बिऱ्हाडे घरी गेले. मृणालीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे रविवारी सकाळी माझा नवरा दुसऱ्या बाईचा हात धरायला जाणार. माझ्या बहिणींना मी काय सांगू?"

"तिचे वडील समोर बसलेले असतात."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "पहारा आहे."

जुलैच्या पहिल्या रविवारी बिऱ्हाडे हॉलमध्ये गेले, तेव्हा रत्नाबाई एका मुलाचे दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून पाऊल टाकून दाखवत होत्या. त्यांची पद्धत अशी की आधी स्पर्श, मग शब्द, मग ठेका. बिऱ्हाडे यांच्या बाबतीत पहिले दोन चुकीचे प्रयोग झाले. बाईंना वाटलं, बघण्याने घोटाळा होत असेल तर डोळे बंद करू. डोळे मिटून बिऱ्हाडे तिसऱ्या पावलाला कलंडले. मग बाईंनी "डावा पुढे, उजवा बाजूला" असं म्हणून बघितलं. एका तासात नूतनच्या पायावर नऊ वेळा पाय पडला. तिने वडिलांचे शेतातले जाड बूट घातले होते, म्हणून निभावलं.

तिचे वडील जीवराम नारखेडे भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. असोद्याला त्यांची केळी आहे. ते म्हणाले, "ओ साहेब, केळीच्या वावरात तिले कधी काही झालं नाही. इथं मोडसान तिचा पाय."

"नाना, गप बसा," नूतन म्हणाली. "पाय माझा आहे."

"बूट माझे आहेत ना."

त्या आठवड्यात बिऱ्हाडे यांनी स्वतःचा कागद केला. बसस्थानकावर वेळापत्रक लिहितात तसे रकाने आखले. पहिल्यात फेरीचा क्रमांक. तीन मात्रांची एक फेरी, आणि साडेतीन मिनिटांच्या धूनमध्ये अशा शहाण्णव फेऱ्या. दुसऱ्यात पाय. डाव्या मनगटावर घड्याळ असतं, म्हणून एका पायाचं नाव 'घड्याळ', दुसऱ्याचं 'रिकामा'. तिसऱ्यात गाव. पहिली फेरी अशी: घड्याळ, असोदा. रिकामा, भुसावळ. घड्याळ, जवळ. दुसरी: रिकामा, अजिंठा. घड्याळ, धुळे. रिकामा, जवळ. परीक्षकांचं टेबल हॉलच्या असोद्याकडच्या टोकाला धरलं होतं, म्हणून सुरुवात तिकडे तोंड करून.

रत्नाबाईंनी कागद ऐकला आणि पहिल्यांदा हसल्या. समोरासमोर उभ्या दोघांचं डावं-उजवं उलटं होतं, गावं उलटी होत नाहीत. असोदा दोघांनाही असोदाच. बाईंनी मग सगळ्या वर्गालाच गावं शिकवली.

कागद मिळाला म्हणून पाय मिळाले असं झालं नाही. ती साधी चौकोनी चाल सलग दहा फेऱ्या यायला अकरा रविवार लागले. बिऱ्हाडे घरी ओट्यापासून दारापर्यंतच्या जागेत सकाळी अर्धा तास करायचे. मृणाली पोळ्या लाटता लाटता कागद वाचायची आणि चुकलं की लाटणं ओट्यावर आपटायची. सुरुवातीला ते गावं मोठ्याने म्हणायचे. नूतनने ते बंद केलं. "तुम्ही घोषणा केल्यासारखं बोलता. मला वाटतं आता गाडी सुटेल." मग ते पुटपुटायला लागले. ऑक्टोबरमध्ये वळण आलं. नोव्हेंबरमध्ये असोद्याकडे सरळ बारा पावलांची धाव आली. ती नूतनची आवडती जागा होती, कारण तिथे वेग धरता येतो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी शहाण्णव फेऱ्या पहिल्यांदा न थांबता पूर्ण केल्या. जीवराम म्हणाले, "झालं का? मले वाटलं, अजून आहे."

स्पर्धा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होती. रत्नाबाई, नूतन, जीवराम आणि बिऱ्हाडे सकाळच्या गाडीने निघाले. पारोळ्यापर्यंत बिऱ्हाडे कागद मांडीवर घेऊन खाडाखोड करत होते. रत्नाबाईंनी विचारल्यावर म्हणाले, "धुळ्यात धुळे कुठून आणायचं? पश्चिमेला तिथून साक्री. पूर्वेला आपलं जळगाव. असोद्याच्या जागी शिरपूर, अजिंठ्याच्या जागी मालेगाव."

"हे तुम्हाला आज सुचलं?"

"पंधरा दिवसांपूर्वी. घरी सगळं नव्या गावांवर करून बघितलंय. जमतंय."

हे खरं होतं. त्यांनी एक अडचण आधीच ओळखून सोडवून टाकली होती. नूतनलाही नवी नावं पाठ करायला लावली होती. फक्त हॉल बघितला नव्हता.

धुळ्याच्या हॉलमध्ये परीक्षकांचं टेबल पूर्वेच्या टोकाला होतं. जळगावात ते उत्तरेला धरून सराव झाला होता. सकाळी साडेदहाला प्रत्येक जोडीला जागेवर पाच मिनिटं मिळाली. रत्नाबाईंनी नूतनला हाताने धरून उभं केलं आणि बिऱ्हाडे यांचं तोंड टेबलाकडे केलं. धून सुरू झाली. नूतन सवयीप्रमाणे टेबलाकडे पाऊल मागे टाकत गेली. बिऱ्हाडे यांचा घड्याळाचा पाय शिरपूरकडे, म्हणजे भलत्याच बाजूला गेला. तिच्या खांद्याला हिसका बसला. दोघं चौथ्या फेरीत थांबले.

"टेबल म्हणजे शिरपूर समजा," रत्नाबाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तिसऱ्या फेरीत थांबले. तिसऱ्यांदा पहिल्याच फेरीत. हॉलचा शिपाई पुना कडेला झाडू घेऊन उभा होता. तो मदतीला आला आणि उत्तरेच्या भिंतीकडे बोट करत म्हणाला, "भाऊ, शिरपूर तठे शे. हाई तर जळगावनी बाजू शे."

"तेच तर," बिऱ्हाडे म्हणाले. "ह्यालाही माहीत आहे."

पाच मिनिटं संपली. दुपारी एक वाजता त्यांची पाळी होती. रत्नाबाईंनी दोघांना पायऱ्यांवर बसवलं. जीवराम उभेच राहिले. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. नियमानुसार बारा वाजेपर्यंत त्याच वर्गातला दुसरा डोळस जोडीदार देता येत होता. त्यांना स्वतःला सगळ्या फेऱ्या पाठ होत्या. त्या नूतनबरोबर उतरू शकत होत्या.

बिऱ्हाडे म्हणाले, "बाईंबरोबर जा, नूतनताई. तुम्हाला पूर्ण करायचंय."

नूतनने विचारलं, "भाऊ, टेबल विसरा. तुमचं तोंड शिरपूरकडे असतं तर जमलं असतं?"

"जमलं असतं. पण परीक्षक तिकडे नाहीत."

"नाहीत तर नाहीत. मी कुठंही तोंड करते. मला एक भिंत दुसरीसारखीच."

"परीक्षकांना आपली नुसती बाजू दिसेल. गुण जातील."

"थांबलं तर सगळेच जातात."

बिऱ्हाडे यांनी खिशातून नियमांचा कागद काढला. परिपत्रकं वाचणं हा त्यांचा रोजचा उद्योग आहे. त्यांनी बारा कलमं सावकाश वाचली. सुरुवातीचा आणि शेवटचा नमस्कार परीक्षकांकडे तोंड करून, एवढंच लिहिलं होतं. मधल्या वेळेत तोंड कुठे असावं, यावर काही नव्हतं. ते आयोजक बाईंकडे गेले आणि विचारून आले. बाईंनी खांदे उडवले, म्हणाल्या, तुमची मर्जी.

मग जागेचा प्रश्न निघाला. हॉल पूर्व-पश्चिम लांब आणि उत्तर-दक्षिण अरुंद होता. बिऱ्हाडे यांनी चालून मोजलं. खडूच्या मधल्या वर्तुळापासून शिरपूरकडच्या खुर्च्यांपर्यंत नऊ पावलं. धाव बारा पावलांची. वर्तुळाबाहेरून सुरू केलं तर चालेल का, हे ते पुन्हा विचारून आले. चालणार होतं. चार पावलं मालेगावकडे सरकून सुरुवात करायची ठरली.

"तेरा होतात," ते म्हणाले. "एक पाऊल शिल्लक."

जीवराम इतका वेळ ऐकत होते. ते हॉलच्या शिरपूरकडच्या बाजूला गेले आणि खुर्च्यांची पहिली रांग एकेक करून मागे सरकवायला लागले. पुनाही झाडू ठेवून त्यांना मदत करू लागला. जीवराम परत येऊन बिऱ्हाडे यांना म्हणाले, "दोन पावलं आणखी काढली. पण बारा म्हंजे बारा. तेरावं टाकू नका."

पावणेबारा ते एक, दोघांनी इमारतीमागच्या वाहनतळावर सराव केला. आता अडचण नूतनची होती. जळगावात तिच्या पाठीकडून येणारं संगीत इथे एका बाजूने येणार होतं, आणि ती दिशा आवाजावरूनच धरायची. रत्नाबाईंनी मोबाइलवर धून लावून फोन तिच्या त्या बाजूला धरला आणि सव्वा तास धरून ठेवला. दोनदा मोटारसायकली मधे आल्या. फेऱ्या तीन वेळा शेवटपर्यंत गेल्या, एकदा तुटल्या.

एकला त्यांचं नाव पुकारलं. दोघांनी टेबलाकडे नमस्कार केला आणि मग परीक्षकांना बाजू देऊन उभे राहिले. एका परीक्षकांनी शेजारच्यांना काहीतरी विचारलं. धून सुरू झाली.

पहिल्या तीस फेऱ्या कागदाप्रमाणे झाल्या. बारा पावलांची धाव बारातच संपली. जीवराम त्या टोकाला दोन्ही हात पसरून उभे होते, तिथपर्यंत कोणी पोचलं नाही. चोपन्नाव्या फेरीला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. प्रोत्साहनासाठीच धरला होता, पण तो चारचा होता आणि धून तीनची. बिऱ्हाडे यांचं पुटपुटणं बंद पडलं. पुढचं गाव त्यांना सापडेना. त्यांचे पाय जागच्या जागी, एकाच ठिकाणी, वर-खाली होत राहिले. थांबले नव्हते, पण कुठे जातही नव्हते.

"छप्पन्न," नूतन म्हणाली. "रिकामा, मालेगाव."

रिकामा पाय मालेगावकडे गेला.

"घड्याळ, साक्री."

घड्याळ साक्रीकडे गेलं. पुढच्या आठ फेऱ्या तिने सांगितल्या. चौसष्टाव्या फेरीला बिऱ्हाडे यांचा आवाज परत आला, आणि ती गप्प झाली. शहाण्णव झाल्या. शेवटचा नमस्कार त्यांनी पूर्वेला, टेबलाकडे तोंड करून केला. नूतनला धाप लागली होती. तिने विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं."

नऊ जोड्यांपैकी तीन थांबून बाद झाल्या. सहा जोड्यांनी पूर्ण केलं, त्यांत हे सहावे आले. राज्यफेरीसाठी दोन जोड्यांची निवड झाली. गुणपत्रिकेवर शेरा होता: "जोडीने पूर्ण वेळ परीक्षकांना बाजू दिली. मध्यंतरी दोन फेऱ्या जागेवर. परस्पर साहाय्य चांगले." परतीच्या गाडीत नूतनने तो शेरा वाचून घेतला. मग खालच्या रकान्यात काय आहे, ते विचारलं. तिथे 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' असे दोन शब्द छापले होते आणि 'पूर्ण' वर खूण होती. ती खूण पेनने केली आहे की शिक्क्याने, हेही तिने विचारलं. पेनने होती. तिने कागद घेऊन उलट्या बाजूने बोट फिरवलं. पेन जोरात दाबलेलं असल्यामुळे खूण हाताला लागत होती.

"पुढच्या वर्षी टेबल कुठं असेल?" ती म्हणाली.

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. म्हणजे चारही बाजू पाहिजेत."

बिऱ्हाडे यांनी डोक्याला हात लावला. "एक बाजू यायला सहा महिने लागले, ताई."

"मग आणखी तीन. दीड वर्ष."

पुढच्या सीटवरून जीवराम म्हणाले, "मले कोणी विचारलं का? दर रविवारी मीही येतो."

फेब्रुवारीपासून हॉलमध्ये टेबलाची जागा बदलायला लागली. बिऱ्हाडे यांनी तीन नवे कागद केले. त्यात गावं जुनीच आहेत, पण सुरुवातीचं तोंड, धावेची दिशा आणि प्रत्येक फेरीचं गाव वेगळं. शहाण्णव गुणिले तीन ओळी त्यांनी हाताने लिहिल्या. भुसावळकडची बाजू जुलैमध्ये आली, अंदाजापेक्षा एक महिना आधी. आता अजिंठ्याकडची चालू आहे. ती बाविसाव्या फेरीपर्यंत जाते आणि तेविसाव्याला तुटते. तिथे वळण आणि मागे जाणं एकाच वेळी आहे.

गेल्या रविवारी ती पाच वेळा तुटली. दहा वाजता हॉल दुसऱ्या कार्यक्रमासाठी रिकामा करायचा होता, आणि मंडपवाले दारात उभे होते. दहाला चार मिनिटं होती. रत्नाबाईंनी पर्स उचलली. बिऱ्हाडे यांनी कागद पुन्हा एकदा बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि नूतनचा हात धरला.

"एकविसावीपासून घेऊ," ते म्हणाले.